वर्गातून घराकडे (भाग ७) : पाठ म्हणणं आणि वाचणं

मागच्या भागात पहिलीच्या मुलांच्या बोलण्याविषयी लिहिलं होतं. या आठवड्यात वाचनाकडे वळू. शाळा सुरू होऊन दोन-अडीच महिने झाले, गणपतीची सुट्टी तोंडावर आली, आणि नेमकी याच सुमाराला पहिलीच्या पालकांची चुळबुळ सुरू होते. शेजारच्या मुलाच्या वहीत ‘क’पासून ‘ज्ञ’पर्यंत पानंच्या पानं गिरवलेली असतात. आपल्या मुलाच्या वहीत मात्र चार-पाच अक्षरं, एखादं चित्र आणि दोन वेडीवाकडी वाक्यं. बाई शिकवतात तरी काय, हा प्रश्न शाळेच्या फाटकाशी हमखास ऐकू येतो.

प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर मिळणं हा तर कायद्याने दिलेला हक्क आहे. २००९चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या २४व्या कलमात शिक्षकांची कर्तव्यं सांगितली आहेत, आणि त्यांतलं एक म्हणजे पालकांच्या नियमित सभा घेऊन मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता आणि शिकण्यातली प्रगती त्यांना सांगणं. सहलीची वर्गणी, गणवेशाचा रंग आणि आधार कार्डाची झेरॉक्स एवढ्यावर पालकसभा संपत असेल, तर कायद्याला अभिप्रेत असलेली गोष्ट राहून गेली असं समजावं. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज निरोप येतात, पण ‘या आठवड्यात आम्ही काय शिकतो आहोत आणि असं का शिकतो आहोत’ हे त्यात क्वचितच असतं. या लेखमालेची धडपड तेवढ्यासाठीच आहे.

आता त्या रिकाम्या वाटणाऱ्या वहीकडे येऊ.

आपल्यापैकी बहुतेकांनी वर्णमाला आधी पाठ केली, मग बाराखडी गिरवली, मग शब्द आणि सगळ्यात शेवटी वाक्यं. या क्रमाने गेलं तर काय होतं ते पाहा. क, ख, ग, घ, ङ ही पहिली पाच व्यंजनं शिकून झाली तरी सहा वर्षांच्या मुलाच्या तोंडचा एकही शब्द त्यांतून तयार होत नाही. पुढे च, छ, ज, झ, ञ. अक्षरं वाढत जातात, पण वाचायला काहीच मिळत नाही. सगळी अक्षरं संपून काना-मात्रा येईपर्यंत पहिलं सत्र उलटतं. तोवर वाचन म्हणजे अर्थ नसलेले आवाज काढणं, अशी मुलाची पक्की समजूत झालेली असते.

म्हणून अनेक वर्गांत आता अक्षरगटांनी सुरुवात होते. समजा पहिल्या गटात क, म, र ही अक्षरं आणि सोबत काना घेतला. एवढ्या सामानात काका, मामा, काम, मका, रमा, कमर, कर, करा इतके शब्द होतात. ‘काका, काम करा’ हे अख्खं वाक्य होतं. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच मूल असं वाक्य स्वतः उलगडतं, त्याला हसू येतं, आणि घरी येऊन ते खऱ्याखुऱ्या काकांना वाचून दाखवतं. वहीत अक्षरं तीनच असतात, पण मूल त्या तीन अक्षरांनी वाचू लागलेलं असतं. वर्णमालेचा क्रम मोडणं हे काही आजचं खूळ नाही. ‘ग, म, भ, न’ हा जुना क्रम वळणांच्या सारखेपणावर बेतलेला होता. आजचे अक्षरगट शब्द तयार होण्यावर बेतलेले आहेत, एवढाच फरक.

महाराष्ट्रात या विचाराला पाया मिळाला त्यात फलटणचा वाटा मोठा आहे. अमेरिकेत जन्मलेल्या आणि पुढे भारताचं नागरिकत्व घेतलेल्या भाषाशास्त्रज्ञ मॅक्सीन बर्नसन यांनी तिथे प्रगत शिक्षण संस्था आणि कमला निंबकर बालभवन ही शाळा उभी केली. शाळेत जाऊनही वाचता न येणारी मुलं त्यांनी पाहिली आणि मराठी वाचन शिकवण्याचा क्रम नव्याने बांधला. थोडी अक्षरं, सोबत स्वरचिन्हं, आणि लगेच अर्थ असलेला मजकूर. पालघर जिल्ह्यातल्या सोनाळे इथे नीलेश निमकर यांनी सुरू केलेल्या ‘क्वेस्ट’ने आदिवासी भागातल्या शाळा आणि अंगणवाड्यांमध्ये याच प्रश्नावर वर्षानुवर्षं काम केलं आहे. तेव्हा आपल्या बाईंनी वर्णमालेचा तक्ता बाजूला ठेवला असेल तर त्यांना आळशी ठरवण्याआधी ‘सध्या कोणता अक्षरगट चालू आहे?’ असं विचारा. या एका प्रश्नाने संवादाचा सूर बदलतो.

मराठी वाचणं सोपं आहे, जसं लिहितो तसंच बोलतो, असं आपण अभिमानाने म्हणतो. मोठ्यांना ते खरं वाटतं, कारण अडचणी कधीच मागे पडलेल्या असतात. मुलाच्या जागी बसून पाहा. ‘कि’ मधली वेलांटी डोळ्यांना आधी दिसते, पण तिचा आवाज ‘क’नंतर येतो. ‘चिंच’ या एवढ्याशा शब्दात च दोनदा आहे आणि दोन्ही वेळा वेगळा उच्चारायचा आहे. आंबा, वांगं, भांडं या तिन्हींतला अनुस्वार दिसायला सारखा, पण तोंडात वेगवेगळा. ‘सूर्य’ मधला र उडी मारून पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसलेला. हे सगळं सहा-सात वर्षांच्या मुलाला पेलायचं असतं. ते अडखळतं तेव्हा त्याचं डोकं कामात असतं. ‘एवढं साधं येत नाही?’ हे वाक्य त्या क्षणी उच्चारू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

यापेक्षाही जपायची गोष्ट घरच्या बोलीची. पुस्तकात ‘पाणी’ छापलेलं आहे आणि मुलाने ‘पानी’ म्हटलं. ते चुकलं का? त्याने अक्षरं ओळखली, अर्थ ओळखला आणि आपल्या घरात जसं बोलतात तसा शब्द उच्चारला. हे वाचनच आहे. अहिराणी, पावरी, कोरकू, गोंडी बोलणाऱ्या घरांतली मुलं तर एकाच वेळी लिपी आणि नवी भाषा अशी दोन ओझी उचलत असतात. त्यांच्या प्रत्येक उच्चारावर बोट ठेवलं तर ती गप्प होतात, आणि गप्प झालेल्या मुलाला पुन्हा बोलतं करायला फार वेळ लागतो. प्रमाण उच्चार पुढे ऐकून ऐकून येतात. पहिलीत त्याची घाई करण्याचं काहीच कारण नाही.

मग आपलं मूल वाचतंय की पाठ म्हणतंय, हे कसं ओळखायचं? पहिलीचं मूल पुस्तकातला धडा उघडून घडाघडा ‘वाचतं’, पान उलटायच्या जागी पान उलटतं, घरचे खूश होतात. पुष्कळदा ते वर्गात ऐकलेलं जसंच्या तसं म्हणत असतं, नाहीतर चित्र पाहून अंदाज करत असतं. श्रावणात यात काळजीचं काही नाही. पुस्तकात गोष्ट असते आणि ती ओळीतून येते, हे त्याला कळल्याची ती खूण आहे. पण दिवाळीनंतरही तसंच चालू राहिलं तर बाईंशी बोलायला हवं.

याची पारख घरी पाच मिनिटांत होते. मुलाने ओळ म्हटली की शेवटच्या शब्दावर बोट ठेवून ‘हे काय?’ विचारा, मग मधल्या एखाद्या शब्दावर. वाचणारं मूल थांबतं, पाहतं, सांगतं. पाठ म्हणणारं मूल ओळ पुन्हा पहिल्यापासून सुरू करतं. आईला स्वतःला वाचता येत नसेल तरी हे जमतं. पानावर दिसायला अगदी सारखे असे दोन शब्द शोधायचे आणि दोन्हींवर आलटून पालटून बोट ठेवायचं. दोन्ही वेळा मुलाने एकच उत्तर दिलं तर ते छापलेलं पाहून बोलतंय. निरक्षर आईबापांना मुलाच्या अभ्यासातलं काही कळत नाही, हा समज आपल्या शाळांमध्ये फार खोल रुजला आहे आणि त्याने मोठं नुकसान केलं आहे. पुढची पायरी तर त्यांना आणखीच सोपी. मुलाला म्हणायचं, आता पुस्तक मीट आणि काय झालं ते मला सांग. गोष्ट कळली की नाही हे ऐकायला अक्षरओळख लागत नाही.

‘असर’ ही ग्रामीण भारतातली पाहणी २००५पासून होते आहे आणि तिची चाचणी मुलाच्या घरी घेतली जाते. एकाच कागदावर अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट. मूल दारात बसून वाचतं, घरचे आणि शेजारचे भोवती उभे असतात. मुलाला वाचता येतं की नाही, हे आईने प्रगतिपुस्तकातून कळून घ्यायच्या ऐवजी स्वतः पाहिलं, हा त्या चाचणीचा मला सगळ्यात मोलाचा वाटणारा भाग. सरकारी शाळांतल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचू शकणारी मुलं देशभरात २०२२मध्ये १६.३ टक्के होती, २०२४मध्ये ती २३.४ टक्के झाली. कोविडनंतर गाडी रुळावर येते आहे हे खरं. तरी चारांपैकी तीन मुलांना अजून ती गोष्ट वाचता येत नाही, हेही तितकंच खरं.

५ जुलै २०२१ रोजी सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानाने इयत्तावार लक्ष्यं ठरवून दिली आहेत. पहिलीच्या अखेरीस चार-पाच सोप्या शब्दांचं, आधी न पाहिलेलं वाक्य वाचता यावं. दुसरीच्या अखेरीस मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि तिसरीच्या अखेरीस किमान ६० शब्द, अर्थ समजून. पहिलीच्या लक्ष्यातले ‘आधी न पाहिलेलं’ हे शब्द नीट ध्यानात घ्या. ओळखीचा धडा घडाघडा म्हणता येणं त्यात धरलेलं नाही.

वेग मोजायचाच कशाला, असं अनेक पालक विचारतात. प्रत्येक अक्षर जुळवण्यात सगळी शक्ती गेली तर वाक्याच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात विसरायला होते. मग अर्थ लागणार कुठून? एवढ्यापुरता वेग महत्त्वाचा आहे. पण काही घरांत आणि काही शाळांतही आता मोबाइलचं स्टॉपवॉच लावून मुलांना पळवलं जातं, ते मला अजिबात पटत नाही. ‘अर्थ समजून’ हे शब्द त्या लक्ष्यातच आहेत. मिनिटाला सत्तर शब्द वाचून काय वाचलं ते न सांगू शकणाऱ्या मुलापेक्षा, तीस शब्द वाचून ‘कोल्ह्याने असं करायला नको होतं’ म्हणणारं मूल कितीतरी पुढे आहे.

या आठवड्यात घरी एवढं करून पाहा. रोज रात्री दहा मिनिटं मुलाला मांडीशी घेऊन कोणीतरी मोठ्याने वाचावं आणि वाचताना शब्दांखालून बोट फिरवावं. पुस्तकं विकत घ्यायला पैसे लागतात ही अडचण खरी आहे, पण प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीविव्हर’वर मराठीतल्या सचित्र गोष्टी फुकट मिळतात. त्या वाचनाच्या पातळीप्रमाणे लावलेल्या आहेत, पहिलीसाठी पहिल्या पातळीच्या घ्याव्यात. एसटीवरची पाटी, बिस्किटाचा पुडा, किराणा दुकानाचा फलक, आरतीचं पुस्तक यांवरचं एखादं शिकलेलं अक्षर शोधायला लावणं हाही अभ्यासच. मूल अडखळलं तर मनात पाच आकडे मोजेपर्यंत थांबा. बहुतेक वेळा ते स्वतःच सोडवतं. नाही सुटलं तर शब्द सांगून पुढे जा. अर्थ बदलत नसेल अशी चूक सोडून दिली तरी चालते.

आणि पुढच्या पालकसभेत, किंवा त्याआधी शाळा सुटताना बाई भेटल्या तर, मार्क विचारायच्या आधी हे विचारा : माझं मूल न पाहिलेलं वाचतं का, कुठे अडतं, आणि त्यासाठी वर्गात सध्या काय चालू आहे? वर्गात तीस-चाळीस मुलं असतील तर बाईंना लगेच सांगता येईलच असं नाही. त्यांना दोन दिवस द्या. पण असं विचारणारे चार पालक निघाले की बाई प्रत्येक मुलाला वेगळं बसवून वाचून घेऊ लागतात. प्रत्येक मुलाचं वाचन असं ऐकून घेणं हेच पहिली-दुसरीतलं सगळ्यात महत्त्वाचं काम आहे. शाळा व्यवस्थापन समितीत कायद्यानुसार किमान पंचाहत्तर टक्के सदस्य पालक असतात आणि निम्म्या जागा स्त्रियांच्या असतात. तेव्हा वर्गात गोष्टींची पुस्तकं कपाटात कुलूपबंद आहेत की मुलांच्या हाताला लागतील अशी दोरीवर टांगलेली, हा विषय समितीच्या बैठकीत काढायला कोणाची परवानगी लागत नाही.

पुढच्या भागात दुसरीच्या वर्गात जाऊ आणि हातच्याची वजाबाकी पाहू. त्यासाठी खराट्याचे पन्नासेक हीर सारख्या लांबीचे कापून ठेवा, आणि दहा-दहाचे गठ्ठे बांधायला थोडी रबरं.