पोस्टकार्डाच्या जाडीत इर्शाळगड

चौकमधून मान वर केली की इर्शाळगडाचा सुळका दिसतो. त्याच्या माथ्याजवळ कातळाला आरपार भोक आहे. आपण त्याला नेढं म्हणतो, सुईच्या नेढ्यावरून. मला त्या गडाचा फोटो हवा होता आणि त्याच चौकटीत सहा मीटरवरची चहाची टपरीसुद्धा. दोन्ही सारखीच स्पष्ट हवी होती. १९ जुलै २०२३ च्या रात्री याच गडाच्या कुशीतली इर्शाळवाडी दरडीखाली गेली. तेव्हापासून हा डोंगर फोटोत नुसता मागचा धूसर पडदा म्हणून ठेवायला माझं मन घेत नाही.

कॅमेरा घरीच केलेला. प्लायवूडची पेटी, आतून काळा रंग, एका मोडीत निघालेल्या कॅमेऱ्याचं ५० मिलिमीटरचं भिंग आणि मागे ३५ मिलिमीटरचा रोल. फोकसची रिंग नाही, डोळा लावायला खिडकी नाही. मग टपरीही येईल आणि गडही येईल, हे खटका दाबण्याआधी कळणार कसं?

खरं म्हणजे भिंग एका वेळी एकाच अंतरावरची वस्तू रेखीव उमटवतं. भिंगातून आत आलेला प्रकाश शंकूसारखा निमुळता होत जातो. त्याचं टोक नेमकं फिल्मवर टेकलं तर बिंदूचा बिंदू उमटतो. टोक अलीकडे किंवा पलीकडे पडलं की फिल्म त्या शंकूला मध्येच कापते आणि बिंदूची टिकली होते. फोटोतला धूसरपणा म्हणजे एकमेकींवर चढलेल्या अशा लाखो टिकल्या. अॅपर्चर, म्हणजे प्रकाश आत सोडणारं भिंगाचं भोक, लहान केलं की शंकू सडपातळ होतो, टिकली आकसते.

आणि इथे आपला डोळा मदतीला येतो. ०.०३ मिलिमीटरची टिकली फोटो आठपट मोठा केल्यावर पाव मिलिमीटरची होते. पुस्तक वाचतो तेवढ्या अंतरावरून फोटो पाहिला तर डोळा तिला बिंदूच समजतो. छायाचित्रकार ज्याला डेप्थ ऑफ फील्ड म्हणतात ती अशी डोळ्याने दिलेली सूट आहे. मला हे पहिल्यांदा उमगलं तेव्हा मी बराच वेळ त्या पेटीकडे नुसता बघत बसलो होतो.

आता फोकस कुठे बांधायचा त्याचा हिशेब. भिंगाचं नाभीय अंतर ५० मिलिमीटर; त्याचा वर्ग २५००. अॅपर्चर एफ ८ आणि चालेल अशी टिकली ०.०३; दोहोंचा गुणाकार ०.२४. अडीच हजाराला ०.२४ ने भागलं की येतात सुमारे १०,४०० मिलिमीटर, म्हणजे १०.४ मीटर. फोकस या अंतरावर बांधला की त्याच्या निम्म्यापासून, म्हणजे ५.२ मीटरपासून, थेट क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट. सहा मीटरवरची टपरी आत आली. काही किलोमीटर दूरचा गडही आला.

पण फोकस १०.४ मीटरवर बांधायचा म्हणजे भिंग किती पुढे सरकवायचं? दूरच्या गडावर नेमकं बसवलेल्या भिंगाला तिथून फक्त ०.२४ मिलिमीटर पुढे आणायचं असतं. जवळजवळ एका पोस्टकार्डाची जाडी! पोस्टकार्डाची मधून पोकळ अशी गोल चकती कापून भिंगाच्या बुडाखाली घातली की काम झालं. चकती विसरलात तर स्पष्टपणा १०.४ मीटरपासून पुढे सुरू होतो आणि टपरी पुसट होते. दोन चकत्या घातल्या तर तो १०.४ मीटरवर संपतो आणि गड पुसट होतो. हीच सूट फिल्मच्या बाजूलाही लागू आहे. भिंग चकतीशिवाय नेमकं गडावर बसवलेलं असेल तर एफ ८ ला फिल्म पोस्टकार्डाच्या जाडीएवढी मागेपुढे झाली तरी दूरचा गड सांभाळला जातो. एफ २.८ ला, म्हणजे भोक मोठं असताना, मात्र ही सूट वहीच्या एका कागदाएवढीच उरते. म्हणून घरच्या पेटीला लहान अॅपर्चरच मानवतं.

इथे कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांची आठवण येते. आनंदराव आणि बाबूराव या दोघांनी स्वतःचा सिनेमाचा कॅमेरा करायला घेतला. १९१६ साली आनंदराव गेले. बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांच्या साथीने तो पुरा केला आणि १९२० साली महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ पडद्यावर आला. माझ्या पेटीत फिल्म एकदा थांबली की झालं. सिनेमाच्या कॅमेऱ्यात ती सेकंदाला अनेकदा सरकते, थांबते आणि दर वेळी भिंगापासून त्याच अंतरावर सपाट उभी राहावी लागते. त्या माणसांनी हे साधलं. आपल्याकडच्या यंत्रकारागिरीतलं हे काम मला फार मोठं वाटतं.

तुम्ही असा कॅमेरा करणार असाल तर रोल भरण्याची घाई करू नका. आधी फिल्मच्या जागी बटर पेपर ताणून लावा, डोक्यावर काळं कापड घ्या आणि अॅपर्चर पूर्ण उघडा. उलटा उमटलेला गड अगदी धारदार होईपर्यंत भिंग मागेपुढे करा आणि तिथेच पक्कं बसवा. मग अॅपर्चर एफ ८ वर आणा आणि पोस्टकार्डाची चकती कापा.