विमानात चढण्यापूर्वी



वसईकडच्या होळी, पापडी, गास या गावांतून आखाती देशांत कामाला जाणारी माणसे थोडीथोडकी नाहीत. निघण्याच्या आदल्या दिवशी शेजारीपाजारी पुडकी घेऊन येतात. ‘एवढं आमच्या भावाला पोचतं करा.’ नाही कसे म्हणणार? पण विमानतळावर तुम्हाला विचारतात, ‘बॅग तुम्हीच भरली ना? कुणी काही दिलं आहे का?’ हा प्रश्न काही उगाच विचारलेला नसतो.

विमान आकाशात धोक्यात येते, पण त्या धोक्याची पेरणी बहुधा जमिनीवर झालेली असते. ११ एप्रिल १९५५ ची गोष्ट घ्या. बांडुंग परिषदेला जाणारे प्रतिनिधी घेऊन एअर इंडियाचे ‘काश्मीर प्रिन्सेस’ विमान हाँगकाँगहून जाकार्ताला निघाले. ते हाँगकाँगला उभे असताना चाके जिथे आत ओढली जातात त्या पोकळीत टाइमबॉम्ब ठेवला गेला होता. समुद्रावर स्फोट झाला. कप्तान जटार यांनी जळते विमान पाण्यावर उतरवण्याची शिकस्त केली. तरी १९ जणांपैकी १६ दगावले. वाचलेल्या तिघांत अनंत कर्णिक हे आपले मराठी इंजिनिअर होते. प्रवाशांपैकी कुणी काही आत नेले नव्हते, हे ध्यानात घ्या. म्हणून आज उभ्या विमानाजवळ जायचे तर झाडूवाल्यालासुद्धा ओळखपत्र लागते, आणि निघण्यापूर्वी विमान तपासतात.

दुसरा धडा त्याहून महाग पडला. जून १९८५ मध्ये कॅनडात व्हँकूव्हरला एका माणसाने बॅग दिली, ती पुढे एअर इंडियाच्या विमानात चढवायला सांगितली, आणि स्वतः मात्र विमानात बसलाच नाही. त्यातच टोरांटोला बॅगा तपासणारे एक्स-रे यंत्र बिघडलेले! २३ जूनला लंडन, दिल्लीमार्गे मुंबईस येणारे ते ‘कनिष्क’ विमान आयर्लंडजवळ समुद्रावर फुटले. ३२९ माणसे गेली. त्याच दिवशी जपानच्या नारिता विमानतळावर एअर इंडियाच्या दुसऱ्या विमानासाठी आलेली बॅग फुटून दोन हमाल मेले.

तेव्हापासून बॅग आणि माणूस यांची जोडी जुळवण्याचा नियम जगभर कडक झाला. मालक हजर नसेल, तर त्याची बॅग विमानाच्या पोटातून शोधून खाली काढतात. आपण आत बसून ‘का हो उशीर?’ म्हणून कुरकुरतो. पण मला विचाराल तर असा उशीर सोसावा.

आता शेजाऱ्याच्या पुडक्याचे काय? ते उघडून बघितल्याशिवाय घेऊ नका. शेजारी भला असेल हो, पण पुडके त्याच्याही हाती दुसऱ्याकडून आलेले असू शकते. आणि आत काय आहे हे सांगण्याची जबाबदारी तुमचीच. सुके खोबरेसुद्धा बॅगेत चालत नाही. त्यात तेल फार, त्यामुळे ते आपोआप तापून पेट घेऊ शकते.

पाण्याची बाटली काढून घेतात, तेव्हा पुष्कळांना राग येतो. २००६ साली लंडनला शीतपेयांच्या बाटल्यांतून स्फोटक द्रव विमानात नेण्याचा कट उघडकीस आला. तेव्हापासून परदेशी जाताना हातातल्या बॅगेत १०० मिलिलिटरपेक्षा मोठी द्रवाची बाटली सहसा नेऊ देत नाहीत. मोबाइलच्या पॉवरबँकेचे मात्र उलटे आहे. ती हातातच ठेवायची, मोठ्या बॅगेत टाकायची नाही. बॅटरी पेटलीच, तर डोळ्यांसमोर पेटलेली विझवता येते.