मिस्टर मगूचा स्क्रूज

‘मिस्टर मगूज ख्रिसमस कॅरल’ हा चार्ल्स डिकन्सच्या प्रसिद्ध भूतकथेवरचा संगीतमय अ‍ॅनिमेशनपट १८ डिसेंबर १९६२ रोजी अमेरिकेत एनबीसी वाहिनीने प्रथम दाखवला. जाहिराती धरून तासाभरात बसेल एवढी त्याची लांबी. खास दूरचित्रवाणीसाठी तयार झालेला नाताळचा पहिला अ‍ॅनिमेशन कार्यक्रम म्हणून त्याची नोंद होते. निर्मिती कॅलिफोर्नियातील ‘यूपीए’ या स्टुडिओची, दिग्दर्शन एब लेव्हिटोव्ह यांचे आणि गाणी ज्यूल स्टाइन व बॉब मेरिल या ब्रॉडवेच्या जोडीची. डिकन्सच्या कथेची रूपांतरे शेकड्यांनी झाली. या छोट्या चित्रपटाचे वेगळेपण त्याच्या गाण्यांत आहे, कारण मूळ पुस्तकातले निवेदकाचे काम त्यात गाणी करतात.

मूळ पुस्तक ‘अ ख्रिसमस कॅरल’ १९ डिसेंबर १८४३ रोजी लंडनच्या चॅपमन अँड हॉलने प्रसिद्ध केले. डिकन्सने ते सुमारे सहा आठवड्यांत लिहून हातावेगळे केले होते. कॅरल म्हणजे नाताळात गायचे गीत, म्हणून पुस्तकाच्या पाच भागांनाही त्याने गाण्याच्या कडव्यांची नावे दिली. किंमत होती ५ शिलिंग. कथेतल्या गरीब कारकुनाला आठवड्याला १५ शिलिंग मिळत, म्हणजे हे पुस्तक घ्यायला त्याचा एक तृतीयांश पगार खर्ची पडला असता. तरीही ६,००० प्रतींची पहिली आवृत्ती नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत संपली.

कथा सर्वपरिचित आहे. एबेनेझर स्क्रूज हा लंडनमधला पैसेवाला पण हातून कवडी न सुटणारा म्हातारा. नाताळच्या आदल्या दिवशी तो देणगी मागायला आलेल्यांना वाटेला लावतो आणि आपला कारकून बॉब क्रॅचिट याला शेगडीत पुरेसा कोळसाही घालू देत नाही. त्या रात्री त्याचा सात वर्षांपूर्वी वारलेला भागीदार जेकब मार्ली भूत होऊन येतो. त्याच्या अंगाभोवती एक लांबलचक साखळी आहे आणि तिच्यात रोकडपेट्या, किल्ल्या, कुलपे व खतावण्या ओवलेल्या आहेत. जन्मभर ज्याचा लोभ धरला तेच मेल्यावर ओझे होऊन मागे लागले आहे. मार्लीनंतर भूतकाळ, वर्तमान आणि भविष्य यांचे तीन आत्मे येतात, स्क्रूजला त्याचे आयुष्य दाखवतात आणि सकाळी तो बदललेला माणूस होऊन उठतो.

ही गोष्ट पुस्तकात फार दिवस राहिली नाही. फेब्रुवारी १८४४ अखेर लंडनमध्ये तिची आठ नाटके चालू होती. १९०१ साली ब्रिटनमध्ये तिच्यावर मूकपट निघाला. मात्र प्रत्येक रूपांतरापुढे अडचण एकच असते. डिकन्सचा निवेदक बोलघेवडा आहे. तो वाचकाशी थट्टा करतो, स्क्रूजला नावे ठेवतो, मधेच कळवळतो आणि कोणाच्या मनात काय चालले आहे हेही सांगतो. रंगमंचावर किंवा पडद्यावर प्रसंग उरतात, हा आवाज गळतो. मग स्क्रूजचे मन पालटते ते भुतांच्या भीतीने की खऱ्या पश्चात्तापाने, हे प्रेक्षकाला उमगत नाही.

यूपीएची स्थापना १९४०च्या दशकात झाली. डिस्नेच्या स्टुडिओत १९४१ साली चित्रकारांचा संप झाला. त्यानंतर तिथून बाहेर पडलेल्या कलावंतांनी हा स्टुडिओ उभारला. डिस्नेची शैली खऱ्या जगाच्या जवळ जाणारी, गोलाई व खोली दाखवणारी. यूपीएच्या चित्रकारांनी उलट वाट धरली. सपाट रंग, मोजक्या रेषा आणि आधुनिक चित्रकलेची छाप असलेली नेपथ्ये ही त्यांची ओळख झाली. १९४९ सालच्या ‘रॅगटाइम बेअर’ या लघुपटात त्यांनी मिस्टर मगू प्रथम आणला. हा टक्कल पडलेला, बुटका, हेकट म्हातारा. त्याला जवळजवळ काहीच दिसत नाही, पण ते मान्य करायला तो तयार नाही. अस्वलाला माणूस समजून तो खुशाल गप्पा मारतो आणि दर वेळी संकटातून अलगद सुटतो. जिम बॅकस या नटाने त्याला आवाज दिला. मगूच्या लघुपटांना पुढे दोन ऑस्कर मिळाले.

१९६०च्या सुमारास चित्रपटगृहांतले लघुपट मागे पडू लागले आणि अ‍ॅनिमेशन दूरचित्रवाणीकडे वळले. यूपीएची मालकीही १९६० साली बदलली. अशा वेळी निर्माते ली ऑर्गेल यांनी मगूला स्क्रूज करण्याची कल्पना मांडली. घड्याळे बनवणारी टायमेक्स कंपनी प्रायोजक झाली. पटकथा बार्बरा चेन यांनी लिहिली.

विदूषकी पात्राला गंभीर भूमिका देणे धोक्याचे होते. मगू ठेचकाळला की हसायची प्रेक्षकांना सवय होती. पटकथेने यातून सोपी वाट काढली. चित्रपटात मगू हा ब्रॉडवेवरचा नामवंत नट आहे आणि तो स्क्रूजच्या भूमिकेसाठी नाट्यगृहाकडे निघाला आहे. गाडी हाकताना होणारे घोटाळे, नाट्यगृहात पोचायला झालेला उशीर, दिग्दर्शकाला झालेला त्रास, हा सगळा विनोद सुरुवातीला उरकून घेतलेला आहे. मग पडदा वर जातो आणि डिकन्सची गोष्ट सुरू होते. नाटक चालू असताना नजरेचे विनोद फारच थोडे आहेत. बॅकसही स्क्रूजचे संवाद मन लावून, नटासारखे बोलतो. शेवटी पडदा पडल्यावर मात्र मगू पुन्हा मगू होतो आणि सगळे नेपथ्य कोसळते. या चौकटीचा आणखी एक फायदा झाला. जाहिरातींच्या जागी अंक संपून पडदा पडत असल्यामुळे त्यांचा व्यत्यय फारसा जाणवत नाही.

ज्यूल स्टाइन हा लंडनमध्ये जन्मलेला आणि अमेरिकेत नावारूपाला आलेला संगीतकार. १९५९ सालच्या ‘जिप्सी’ या गाजलेल्या संगीतिकेचे संगीत त्याचे. बॉब मेरिलने १९६१ सालच्या ‘कार्निव्हल’ या संगीतिकेची गाणी रचली होती. हे दोघे १९६४ साली ब्रॉडवेवर आलेल्या ‘फनी गर्ल’चेही संगीतकार आणि गीतकार. दूरचित्रवाणीच्या कार्टूनला हलकीफुलकी बालगीते देऊन त्यांना मोकळे होता आले असते. त्यांनी रंगमंचावर शोभतील अशी गाणी दिली आणि त्यातली काही गायला जॅक कॅसिडीसारखा ब्रॉडवेचा गायक-नट बॉब क्रॅचिट म्हणून उभा राहिला.

नाटकातले पहिले गाणे पेढीवरचे आहे. स्क्रूज नाणी मोजतो आहे आणि नाण्यांच्या खणखणाटावरच चालीचा ठेका बसवला आहे. हिशेब करणाऱ्या माणसाचा आनंद त्यात खराखुरा आहे. पलीकडे थंडीने काकडणारा क्रॅचिट त्याच गाण्यात आपले रडगाणे मिसळतो. मालक आणि नोकर यांच्यातले अंतर पुस्तकात निवेदक सांगतो, इथे ते दोन स्वरांतून ऐकू येते. कथेच्या शेवटी हीच चाल परत येते, पण तेव्हा स्क्रूज पैसे मोजत नसतो, वाटत असतो. माणूस बदलला हे वेगळे सांगावे लागत नाही.

क्रॅचिटच्या घरातले गाणे जेवणाच्या टेबलाभोवती घडते. ताटात थोडेच आहे. लहानगा टिम मोठ्या सजवलेल्या झाडाची आणि पक्वान्नांची स्वप्ने पाहतो, तर आईवडील आहे त्यात समाधान मानायला शिकवतात. या गाण्यात ‘रॅझलबेरी’ नावाच्या कधी न पिकलेल्या फळाचा पदार्थ येतो आणि गाण्याबरोबर त्याचे नावही अमेरिकन प्रेक्षकांच्या लक्षात राहिले. टिमचा चेहरा यूपीएच्याच गाजलेल्या जेराल्ड मॅकबोइंग-बोइंग या मुलावरून घेतला आहे. मूळ जेराल्डला बोलता येत नाही, त्याच्या तोंडून केवळ निरनिराळे आवाज निघतात. इथे जोन गार्डनर या अभिनेत्रीने त्याला वाणी दिली.

सगळ्यात परिणामकारक गाणे भूतकाळातल्या शाळेचे आहे. सुट्टीत सगळी मुले घरी गेली आहेत आणि छोटा स्क्रूज रिकाम्या वर्गात एकटाच बसला आहे. तो फळ्यावर आपल्या हाताची आकृती खडूने काढतो. धरायला दुसऱ्याचा हात नाही, म्हणून स्वतःचाच हात चितारायचा. म्हातारा स्क्रूज शेजारी उभा राहून हे पाहतो आणि मुलाच्या गाण्यात आपला घोगरा सूर मिळवतो. मुलाला तो दिसत नाही, ऐकू येत नाही. एकाच माणसाची दोन वये एक गाणे गातात आणि त्याच्या कंजूषपणाचे मूळ कळते. पैशाआधी त्याला माणसे हवी होती. ती मिळाली नाहीत, तेव्हा त्याने पैसा धरला. पुढे स्वतःच्या थडग्यापाशी तो हेच गाणे पुन्हा म्हणतो.

त्यानंतर तरुणपणीची प्रेयसी बेल ‘विंटर वॉज वॉर्म’ हे निरोपाचे गाणे गाते. पुस्तकात ती थोडक्या शब्दांत वाङ्निश्चय मोडून निघून जाते. गाण्यामुळे ही छोटी भेट चित्रपटाच्या मध्यभागी आली. तिच्यानंतर, भविष्याच्या भागात, एकदम उलट बाजाचे गाणे येते. मेलेल्या स्क्रूजच्या घरातून चोरलेल्या वस्तू मोलकरीण, धोबीण आणि अंत्यविधीच्या दुकानातला माणूस जुन्या बाजारात विकायला आणतात. आपण किती हलकट आहोत हे तिघे आणि दुकानदार मिळून आनंदाने गातात. लहान मुलांना त्यात गंमत वाटते, मोठ्यांना मात्र कळते की या माणसाच्या मरणाचे कोणालाच दुःख नाही.

तासाभरात बसवताना पुस्तकात बरीच काटछाट करावी लागली. स्क्रूजला दर वर्षी जेवायला बोलावणारा भाचा फ्रेड इथे नाही. तीन आत्म्यांचा क्रमही बदलला आहे. आधी वर्तमान, मग भूतकाळ, शेवटी भविष्य. त्यामुळे शाळेतले गाणे आणि बेलचा निरोप यांच्या पाठोपाठ स्मशान येते आणि एकटेपणाचा धागा अखंड राहतो. फ्रेडच्या घरातली हसती-खेळती मेजवानी मधे नसल्याने गोष्ट जास्त घट्ट झाली, पण डिकन्सचा मोकळा विनोद तेवढा कमी झाला.

अ‍ॅनिमेशनमध्ये गाणे आधी ध्वनिमुद्रित होते आणि चित्रे नंतर काढली जातात. ध्वनिमुद्रणातील प्रत्येक अक्षर व ताल कितव्या चौकटीवर पडतो हे तक्त्यावर मांडतात. चित्रपटाच्या एका सेकंदात २४ चौकटी असतात. डिस्नेच्या पूर्ण अ‍ॅनिमेशनमध्ये त्यासाठी सेकंदाला १२ ते २४ नवी चित्रे लागत. मर्यादित अ‍ॅनिमेशनमध्ये शरीर स्थिर ठेवून फक्त ओठ, डोळे किंवा हात हलवतात. दूरचित्रवाणीच्या खर्चाला तेच परवडे. यूपीएला हे तंत्र अंगवळणी पडलेले होते. दुःखाच्या गाण्यात पात्र जवळजवळ स्थिर राहते आणि पाहणाऱ्याचे लक्ष सुराकडे जाते. लंडनच्या इमारती काही रेषांत व सपाट रंगांत उभ्या केल्या आहेत. कथा नाटक म्हणून घडत असल्याने ती नेपथ्ये रंगमंचावरच्या पडद्यांसारखी वाटली तरी बिघडत नाही.

हा कार्यक्रम यशस्वी झाला आणि अनेक वर्षे नाताळात पुन्हापुन्हा दाखवला गेला. यूपीएने १९६४ साली मगूलाच निरनिराळ्या अभिजात कथांत नट म्हणून उभे करणारी मालिका काढली. त्याच वर्षी बाहुल्यांचा ‘रुडॉल्फ द रेड-नोज्ड रेनडिअर’, १९६५ साली ‘अ चार्ली ब्राउन ख्रिसमस’ आणि १९६६ साली ‘हाउ द ग्रिंच स्टोल ख्रिसमस’ आले. नाताळच्या दिवसांत घरातल्या सगळ्यांनी मिळून अ‍ॅनिमेशनपट पाहण्याची अमेरिकेतली प्रथा या चार-पाच वर्षांत पक्की झाली.

डिकन्सची कथाही अ‍ॅनिमेशनमध्ये येत राहिली. रिचर्ड विल्यम्स यांचा १९७१ सालचा लघुपट जुन्या कोरीव चित्रांच्या शैलीतला, गंभीर होता आणि त्याला ऑस्कर मिळाले. डिस्नेने १९८३ साली मिकी माउसला क्रॅचिट आणि स्क्रूज मॅकडक या बदकाला स्क्रूज केले. २०२२ साली नेटफ्लिक्सवर आलेला ‘स्क्रूज: अ ख्रिसमस कॅरल’ पुन्हा संगीतमय होता. १९७० सालच्या चित्रपटासाठी लेस्ली ब्रिकस यांनी रचलेली गाणी त्यात नव्याने घेतली आहेत. संगणकावर केलेल्या या चित्रपटात भुते झगमगीत आहेत आणि कॅमेरा क्षणभर थांबत नाही. १९६२च्या चित्रपटाला ही साधने नव्हती. त्यात स्क्रूजचे मन चालीच्या पुनरावृत्तीतून उलगडते. नाण्यांचे गाणे आणि शाळेतले गाणे दोनदा येते आणि दोन्ही वेळा त्याचा अर्थ वेगळा लागतो. संगीतमय रूपांतरात गाणे कशासाठी असावे, याचे हे उत्तम उदाहरण आहे.