थंड हवेचे गाव निवडताना

उन्हाळ्याची सुट्टी जवळ येऊ लागली म्हणजे घरोघरी एकच विषय निघतो : यंदा कोठे जावयाचे? पूर्वी आपल्या गावांत हा प्रश्न फारसा उद्भवत नसे. सुट्टी म्हणजे मामाचे घर आणि थंड हवा म्हणजे विहिरीकाठच्या आंब्याची सावली, एवढाच हिशेब असे. आता मुले शिकली, नोकरीनिमित्त दूरदूरच्या शहरांत जाऊन राहिली, चार पैसे गाठीस आले. तेव्हा आठ दिवस डोंगरावर जाऊन राहावे अशी इच्छा होणे स्वाभाविक आहे आणि तीत वावगे काही नाही. राबणाऱ्या देहास विसावा हवाच. तथापि हा विसावा नेमका कोणत्या गावी घ्यावा, हे ठरविण्याची जी रीत बहुतेक कुटुंबांत दिसते, ती आम्हांस सदोष वाटते. ती कशी, हे सांगण्यासाठी एक घडलेली हकीकत वाचकांपुढे ठेवीत आहोत.

एका फेब्रुवारी महिन्यात काही कामानिमित्त आम्हांस ग्वाल्हेरीस जावे लागले. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा तळ ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या पायथ्याशी पडला आणि त्या तळाचेच पुढे ‘लष्कर’ नावाचे शहर बनले. शिंद्यांबरोबर गेलेल्या अनेक मराठी घराण्यांचे वंशज आजही तेथे आहेत. त्याच लष्करातील नया बाजारात आमच्या धर्मग्रामातील एक कुटुंब नोकरीनिमित्त भाड्याच्या घरात राहते. नवरा, बायको, दोन मुले आणि गावाहून आणलेली वृद्ध आई, असा पाच जणांचा संसार. आमचा मुक्काम त्यांच्याकडेच होता.

रात्री जेवणे आटोपल्यावर सुट्टीचा विषय निघाला. घरधन्याने आपल्या फोनवर शिमला, मसुरी, नैनिताल आणि मनाली या गावांची चित्रे आम्हांस एकामागून एक दाखविली. कचेरीतील सारे सोबती तेथे जाऊन आलेले; आपणच तेवढे मागे राहिलो, ही त्यांची खंत. मुलांस बर्फ पाहावयाचे होते. सूनबाई बराच वेळ गप्प होत्या. आम्ही मुद्दाम विचारले तेव्हा म्हणाल्या, “फादर, कुठेही चालेल. आठ दिवस मला चूल नको, एवढंच.” आजी कोपऱ्यात जपमाळ घेऊन बसल्या होत्या. त्यांस विचारण्यापूर्वीच त्या म्हणाल्या, “मी घरीच बरी. घर राखायला कोणीतरी हवं ना.”

मागील दोन उन्हाळ्यांत असेच घडले होते, हे आम्हांस दुसऱ्या दिवशी सकाळी कळले. आजी आम्हांस चहा देताना हळूच म्हणाल्या, “फादर, माझे गुडघे गेले. चढण आली की दम लागतो. माझ्यापायी पोरांचा हिरमोड नको. पण मे महिन्यातली ती वरची खोली...” आणि वाक्य तेथेच सोडून त्या आत गेल्या. वरची खोली आम्ही पाहिली होती. तिला पत्र्याचे छप्पर होते. ग्वाल्हेरीस मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि दुपारभर लू वाहते. घर राखण्याची सबब कशासाठी होती, हे आम्ही समजलो.

त्या रात्री आम्ही पुन्हा सुट्टीचा विषय काढला आणि प्रथम आमचीच एक चूक त्यांस सांगितली. काही वर्षांपूर्वी धर्मग्रामातील नऊ वृद्धांस घेऊन आम्ही एका नामांकित डोंगरी गावी गेलो होतो. गावाचे नाव मोठे, म्हणून अधिक चौकशी केली नाही. तेथे पोहोचल्यावर कळले की आमचे उतरण्याचे घर रस्त्यापासून एकशेचाळीस पायऱ्या खाली होते. त्या पायऱ्या एकदा उतरलेले वृद्ध चार दिवस पुन्हा वर आले नाहीत. एका गृहस्थास तर परतीच्या दिवशी खुर्चीत बसवून वर आणावे लागले. समोर देखावा सुंदर होता. परंतु ती मंडळी खिडकीतून केवळ धुके पाहून परत आली. दोष गावाचा नव्हता. आम्ही गावाचे नाव पाहिले, कोणास नेत आहोत हे पाहिले नाही.

मग आम्ही म्हणालो, “आपण उलट बाजूने विचार करू. कुटुंबातील सर्वांत अशक्त माणसास झेपेल असे गाव आधी शोधू. त्यास झेपले म्हणजे इतरांस झेपेलच.”

प्रथम उंचीचा हिशेब मांडला. समुद्रसपाटीपासून दर हजार मीटर वर गेले असता हवा सुमारे साडेसहा अंशांनी थंड होते. ग्वाल्हेर सुमारे दोनशे मीटर उंचीवर आहे. शिमला, मसुरी, नैनिताल ही गावे दोन हजार मीटरांच्या आसपास; म्हणजे तेथे ग्वाल्हेरहून अकराबारा अंशांचा फरक पडतो. हा लाभ खरा, पण उंचीबरोबर हवा विरळही होते. हजार मीटरांवर हवेचा दाब समुद्रकाठच्या नऊदशांश राहतो, दोन हजारांवर चारपंचमांश. निरोगी माणसास दोन हजार मीटरांवर सहसा काही बाधत नाही. उंचीमुळे होणारे आजार बहुधा अडीच हजारांच्या पुढे सुरू होतात. परंतु ज्यास घरीच जिना चढताना दम लागतो, त्याने आधी डॉक्टरांस विचारले पाहिजे. मुलांच्या बर्फाचाही प्रश्न येथेच सुटला. मे महिन्यात शिमल्याच्या वा मसुरीच्या रस्त्यांवर बर्फ नसते. मनालीहून लोक बर्फासाठी रोहतांग खिंडीपर्यंत जातात, पण ती ३,९७८ मीटर उंच आहे. दोन घटका बर्फात खेळण्यासाठी मुलांस तेवढे वर न्यावयाचे आणि आजीस खोलीत एकटे ठेवावयाचे, हे कोणासच पटेना.

दुसरा प्रश्न जमिनीच्या ठेवणीचा. आमच्या मते हा उंचीहूनही महत्त्वाचा आहे आणि हा बहुधा कोणी विचारीत नाही. डोंगरी गावे तीन प्रकारची असतात. काही डोंगराच्या धारेवर वसलेली असतात. शिमला आणि मसुरी तशी आहेत. तेथे मुख्य रस्ता बहुतांशी सपाट असतो, पण घरे वरखाली उतारावर असल्याने प्रत्येक फेरीस चढउतार आलाच. काही गावे खोलगट वाटीसारखी असतात. नैनिताल तसे आहे. मध्ये तलाव आणि भोवती उतारांवर घरे. आणि काही गावे पठारावर पसरलेली असतात. तेथे वर पोहोचले की पुढे साधे चालणे. युरोपातील आल्प्स पर्वताकडे जाणारे प्रवासीही हाच भेद जाणतात. माँ ब्लाँ हे शिखर ४,८०० मीटरांहून उंच, पण त्याच्या पायथ्याचे शामोनी गाव दरीच्या तळाशी, अवघे १,०३५ मीटरांवर आहे. डोंगर उंच म्हणजे राहण्याचे गावही उंच असलेच पाहिजे, असे नाही.

तिसरा प्रश्न पाणी आणि गर्दी यांचा. २०१८ च्या मे महिन्यात शिमल्यास पाण्याचे इतके दुर्भिक्ष झाले की तेथील रहिवाशांनीच प्रवाशांस येऊ नका अशी विनंती केली. आपल्या आठ दिवसांच्या सुखासाठी कोणाच्या तरी घरचा हंडा रिकामा राहतो, ही गोष्ट ख्रिस्ती माणसाने मनात आणली पाहिजे. पावसाळ्याचाही विचार हवा. १८ सप्टेंबर १८८० रोजी अतिवृष्टीने नैनितालास दरड कोसळली आणि १५१ माणसे मृत्युमुखी पडली. डोंगर सुंदर असतो, तसाच तो ठिसूळही असतो.

चौथा प्रश्न वाटेचा आणि दाराशी असलेल्या सोयींचा. गाडी कितीदा बदलावी लागते? घाटाचा रस्ता किती? इस्पितळ, बाजार आणि रविवारच्या मिस्सेसाठी चर्च, ही उतरण्याच्या जागेपासून किती पावलांवर आहेत?

हे चारही प्रश्न मांडल्यावर यादीत नसलेले एक नाव पुढे आले : पचमढी. सातपुड्यातील हे गाव सुमारे १,०६७ मीटर उंचीवर, म्हणजे जवळजवळ शामोनीएवढ्याच उंचीवर आहे. ते बशीसारख्या पठारावर वसले असून भोवती डोंगरांचे कडे आहे. कॅप्टन फॉर्सिथ यांनी १८७१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या प्रदेशाचे वर्णन केले आणि पुढे मध्यप्रांताचे सरकार उन्हाळ्यात तेथे मुक्कामास जाऊ लागले. ग्वाल्हेरहून झाशी, भोपाळ मार्गे इटारसी. तेथून जबलपूरच्या लोहमार्गावर पिपरिया स्टेशन. आणि पिपरियाहून सुमारे पन्नास किलोमीटर मोटारीचा रस्ता. उंचीच्या हिशेबाने ग्वाल्हेरहून पाचसहा अंशांचाच फरक. परंतु सभोवतीच्या जंगलाने त्यात भर पडते आणि रात्री सुखाची झोप लागते. कॅथलिक चर्च तेथे १८९२ पासून उभे आहे.

घरधनी जरा खट्टू झाले. “पण फादर, पचमढी तर आपल्याच राज्यातली. कचेरीत काय सांगू?” त्यावर आम्ही त्यांस शिवपुरीचे स्मरण दिले. ज्या शिंद्यांच्या नगरात ते राहतात, त्या शिंद्यांची उन्हाळी राजधानी कोठे होती? दूर हिमालयात नव्हे. ग्वाल्हेरहून सव्वाशे किलोमीटरांच्या आतच असलेल्या, सुमारे साडेचारशे मीटर उंचीच्या शिवपुरीस ते जात. उंचीचा लाभ दीडदोन अंशांचा. पण झाडांची सावली आणि तलावाचे पाणी तेथे होते. राजास जवळचे गाव सांगावयास लाज वाटली नाही, ती आपणांस का वाटावी? यावर ते हसले. सूनबाईंनी मात्र तत्काळ विचारले, “तिथे खानावळी आहेत ना?” आहेत, असे सांगताच त्यांचे मत पक्के झाले. आजी काहीच बोलल्या नाहीत. पण त्या रात्री घर राखण्याची गोष्ट त्यांनी काढली नाही.

आम्ही परत आलो. मे महिन्यात पचमढीहून घरधन्यांचा फोन आला. सारेच मनासारखे झाले होते असे नाही. पहिल्या दिवशी बर्फ नाही म्हणून मुले रुसली, मग भाड्याच्या सायकली मिळाल्यावर रुसवा विसरली. दुपारचे ऊन तेथेही लागत होते. बी फॉल या धबधब्याच्या शेकडो पायऱ्या आजींस उतरता आल्या नाहीत. त्या वरच एका झाडाखाली भाजके दाणे खात बसल्या. परंतु धूपगडाचा सूर्यास्त त्यांनी जीपगाडीने जाऊन पाहिला. १,३५२ मीटर उंचीचे ते सातपुड्यातील सर्वोच्च शिखर आहे. आणि रविवारी सकाळी बाकीची मंडळी उठण्यापूर्वीच आजी नातीचा हात धरून पायी चालत चर्चमध्ये गेल्या आणि मिस्सा आटोपून पायीच परत आल्या. घरधनी आम्हांस सांगत होते, “फादर, आईला एवढं चालताना मी दोन वर्षांत पाहिलं नव्हतं. चालता येत नाही असंच मी धरून चाललो होतो.” पुढे ते थोडा वेळ थांबले आणि म्हणाले, “मागची दोन वर्षं आम्ही तिला त्या खोलीत ठेवून गेलो.” त्यावर आम्ही काही उत्तर दिले नाही. उत्तराची त्यांस गरज नव्हती.

वाचकहो, आपल्यापैकी बहुतेकांस सुट्टीसाठी ग्वाल्हेर वा पचमढी गाठावयाची नाही. आपणांस जवळची गावे आहेत. तथापि प्रश्न तेच आहेत. माथेरान सुमारे ८०० मीटरांवर आहे. नेरळहून वर जाणारी छोटी गाडी १९०७ साली सुरू झाली. दस्तुरीच्या पुढे खाजगी मोटारी जाऊ देत नाहीत. स्वित्झर्लंडमधील झरमाट गावातही पेट्रोलच्या गाड्यांस अशीच मनाई आहे. त्यामुळे हवा शुद्ध आणि लहान मुले निर्धास्त. पण गुडघे दुखणाऱ्याने पुढची वाट कशाने जावयाची, हे आधी ठरवूनच निघावे. महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटरांवर, हवा उत्तम. पण मे महिन्यात गर्दी फार आणि जूनपासून पावसाचा कहर. शेजारची पाचगणी थोडी खाली, सपाट माळाची, आणि पाऊसही तेथे पुष्कळ कमी. ज्या घरी वृद्ध माणूस आहे, त्याने दोहोंची तुलना अवश्य करावी.

खोली ठरविताना फोनवर चित्रे पाहून थांबू नका. मालकास सरळ विचारा : रस्त्यापासून पायऱ्या किती? पाणी दिवसभर असते काय? डॉक्टर किती दूर? पायऱ्यांचा आकडा सांगण्यास जो कांकूं करील, त्याच्याकडे उतरू नका. तिकिटांचाही विचार वेळीच करा; नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आरक्षण प्रवासाच्या साठ दिवस आधी खुले होते, त्यामुळे मे महिन्याचा बेत मार्च उजाडण्यापूर्वीच ठरलेला बरा.

आणि बेत ठरविताना घरातील जो माणूस “मी घरीच बरी” किंवा “मी घरीच बरा” असे म्हणेल, त्यास एकदा बाजूस घेऊन, चहा पिता पिता, पुन्हा विचारा. गावाची निवड तेथून सुरू होते.