‘घर्षण नगण्य मानू’

सायकलने डोंगर ओलांडायचा म्हटले की छाती दडपते. पण तोच डोंगर पूर्वी आगगाडीने ओलांडला असेल तर? अशाच एका वाटेने गेल्या उन्हाळ्यात मी व माझा भाचा सायकलवरून गेलो. वीस वर्षे पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या मला त्या वाटेवर एक धडा नव्याने शिकावा लागला.

अमेरिकेत कंबरलँडपासून पिट्सबर्गपर्यंत, अ‍ॅलेघेनी पर्वत ओलांडून, ‘ग्रेट अ‍ॅलेघेनी पॅसेज’ ही सुमारे २४० किलोमीटरची वाट जाते. तिच्या डोंगराळ भागात वेस्टर्न मेरीलँड रेल्वेने १९१२ साली लोहमार्ग पुरा केला. १९७५ मध्ये तेथून गाड्या जाणे थांबले. पुढे रूळ निघाले आणि चुनखडीची बारीक खडी दाबून सायकलींसाठी वाट झाली. तिचा पहिला तुकडा १९८६ मध्ये खुला झाला, शेवटचा २०१३ मध्ये.

पहिला दिवस चढाचा. ३८ किलोमीटरमध्ये ५३५ मीटर चढून आम्हाला ७२९ मीटर उंचीवरचा माथा गाठायचा होता. म्हणजे सरासरी ७१ मीटरला १ मीटर चढ. चढ इतका सौम्य का? पोलादी रुळावर पोलादी चाकाची पकड फार थोडी असते. चढ तीव्र झाला तर इंजिनाची चाके जागच्या जागी फिरू लागतात. आपल्या बोरघाटात ३७ ला १ असा चढ आहे. तेथे कर्जतला जादा इंजिने जोडतात, हे तुमच्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. म्हणून अभियंते डोंगराला वळसे घालतात, दरीवर पूल बांधतात, बोगदे खणतात. येथील बिग सॅव्हेज बोगदा सुमारे १ किलोमीटर लांब आहे.

आता हिशेब करू. मी, सायकल व सामान मिळून ९० किलोग्रॅम. ते ५३५ मीटर उचलायला सुमारे ४.७ लाख ज्यूल ऊर्जा लागते. ताशी १२ किलोमीटर वेगाने चढायला तीन तास दहा मिनिटे लागतात, म्हणजे ४१ वॅट झाले. जमीन व हवा यांच्या रोधासाठी आणखी ४० धरा. ८० वॅट निरोगी माणूस तासन्‌तास देऊ शकतो. १० ला १ चढाच्या रस्त्यावर याच वेगाला नुसत्या चढासाठी २९० वॅटहून अधिक लागले असते!

माथ्यावर भाचा म्हणाला, “मामा, आता पिट्सबर्गपर्यंत उतारच! नुसतं बसून राहायचं.” मीही मान डोलावली. दुसऱ्या दिवशी मायर्सडेलहून कॉनेल्सव्हिलपर्यंतचे ९२ किलोमीटर दुपारपर्यंत उरकू, असे ठरवून पाणी व खाऊ बेताचाच घेतला.

पण पेडल थांबवले की सायकलही थांबे! तिसरा प्रहर उलटला तरी आम्ही ६४ किलोमीटरवरच्या ओहायोपाइललाच होतो. पाणी संपले होते, भाच्याच्या पोटऱ्यांत गोळे आले होते. मुक्काम तेथेच करावा लागला.

चूक माझीच होती. माथ्यापासून पिट्सबर्ग २०२ किलोमीटर दूर आणि सुमारे ५१० मीटर खाली आहे. हा सरासरी उतार ४०० ला १ झाला. आमचे वजन ८८२ न्यूटन; उतार आम्हाला त्याच्या चारशेव्या भागाने, म्हणजे २.२ न्यूटनने पुढे ओढणार. दाबलेल्या खडीवर रबरी चाकांना होणारा रोध मात्र वजनाच्या साधारण शंभराव्या भागाइतका, म्हणजे ८.८ न्यूटन! डोंगराजवळ उतार काहीसा अधिक आहे, तरी १०० ला १ पेक्षा कमीच. मग सायकल आपोआप धावेल कशी?

रुळावरील चाकाला हाच रोध वजनाच्या साधारण पाचशेव्या भागाइतका असतो. त्यामुळे ४०० ला १ उतारावर एकदा ढकललेला डबा हळूहळू पुढे जात राहील. वाट तीच, उतारही तोच. पण आगगाडीला जो उतार, तो आम्हाला चढच होता.

हा रोध तुम्हालाही मोजता येईल. रहदारी नसलेल्या सपाट रस्त्यावर १४ मीटर अंतराने खडूच्या दोन रेघा मारा. हे अंतर बरोबर ५ सेकंदांत कापले जाईल अशा एकसारख्या वेगाने सायकल चालवा. तो वेग सेकंदाला २.८ मीटर झाला. दुसऱ्या रेघेवर पेडल थांबवा व सायकल आपोआप थांबेपर्यंतचे अंतर मोजा. वेगाच्या वर्गाला त्या अंतराच्या दुपटीने भागा, उत्तराला पुन्हा ९.८ ने भागा. सायकल ४० मीटरवर थांबली तर उत्तर ०.०१ येईल, म्हणजे वजनाचा शंभरावा भाग. टायरमधील हवा थोडी कमी करून पुन्हा मोजा. फरक लगेच दिसेल.

‘घर्षण नगण्य मानू’ हे वाक्य मी वर्गात अनेकदा फळ्यावर लिहिले आहे, यापुढेही लिहीन. मात्र कशाच्या तुलनेत नगण्य, हेही त्याखाली लिहीन.