हवी ती भाषा, हवी तेवढी

लखनौच्या चारबाग स्थानकावर उतरणाऱ्या प्रवाशास स्थानकाचे नाव देवनागरी, रोमन आणि उर्दू अशा तीन लिप्यांत वाचावयास मिळते. ज्याला जी लिपी येते ती तो वाचतो. उरलेल्या दोन त्याच्या वाटेत येत नाहीत. बँकेतील पैसे भरण्याची स्लिपही याच जातीची. महाराष्ट्रात ती मराठी, हिंदी व इंग्रजी अशा तीन भाषांत छापलेली असते. कागद एकदा छापला की तिसऱ्या भाषेचा भार कोणालाही जाणवत नाही.

संकेतस्थळाचे गणित मात्र निराळे आहे. तेथे प्रत्येक अक्षर ग्राहकाच्या मोबाईलपर्यंत दर वेळी वाहून न्यावे लागते. बहुभाषिक संकेतस्थळावरील बटणांची नावे, सूचना व संदेश सहसा मूळ आज्ञावलीत लिहीत नाहीत. प्रत्येक भाषेसाठी एक स्वतंत्र फाईल असते आणि तीत प्रत्येक वाक्यास एक खूण दिलेली असते. आज्ञावली ती खूण सांगते आणि निवडलेल्या भाषेतील वाक्य तिच्या जागी बसते.

आता लखनौचाच ग्राहकवर्ग पाहा. हिंदी तर आहेच. १९८९ मध्ये उत्तर प्रदेशाने उर्दूस दुसऱ्या राजभाषेचा दर्जा दिला आणि २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरविला. इंग्रजी वाचणारे आहेत. शिवाय पंडित भातखंडे यांच्या पुढाकाराने १९२६ मध्ये तेथे संगीत विद्यालय सुरू झाले, तेव्हापासून मराठी घरांना परिचित असलेल्या या शहरात नोकरीनिमित्त बदलून गेलेला मराठी खातेदारही असतो. समजा, एका भाषेची फाईल २०० किलोबाइटची आहे आणि संकेतस्थळ दहा भाषांत आहे. सर्व भाषा एकत्र बांधून पाठविल्या, तर शिल्लक पाहण्यापूर्वी ग्राहकास २,००० किलोबाइट उतरवून घ्यावे लागतील आणि त्यांतील १,८०० तो कधीच वाचणार नाही.

भारतीय लिप्यांना हा भार अधिक जाणवतो. यूटीएफ-८ या प्रचलित संकेतनात इंग्रजी अक्षरास एक बाइट लागतो, उर्दू अक्षरास दोन, तर देवनागरीत तीन. काना, वेलांटी आणि पायमोड्याचे चिन्ह यांचेही तीन-तीन वेगळे. त्यामुळे ‘बॅलन्स’ हा शब्द रोमन लिपीत सात बाइटांत मावतो, आपल्या ‘शिल्लक’ला अठरा लागतात. पाठविताना मजकूर आवळून बांधतात म्हणून ही तफावत बरीच कमी होते, हे खरे.

यावरील उपायास संगणकाच्या परिभाषेत ‘लेझी लोडिंग’ म्हणतात. नाव अंमळ अन्यायकारकच आहे. यात आळस नसून काटकसर आहे. ग्राहकाने मराठी निवडली की केवळ मराठीची फाईल येते. पुढे जाऊन तिचेही विभाग पाडतात: गृहकर्जाची वाक्ये गृहकर्जाचे पान उघडल्यावरच मागविली जातात. एकदा आलेली फाईल मोबाईलमध्ये साठवून ठेवता येते. मजकूर सुधारला की फाईलचे नाव बदलतात, म्हणजे जुनी प्रत वापरात राहत नाही.

उर्दूच्या बाबतीत अक्षरवळणाचाही प्रश्न येतो. नस्तालिक वळणात अक्षरे तिरकी उतरत एकमेकांस जुळतात आणि शेजाऱ्याप्रमाणे रूप पालटतात. खिळ्यांच्या छपाईला हे वळण कधी सहजी पेलले नाही. मुन्शी नवलकिशोर यांनी १८५८ मध्ये लखनौत स्थापलेल्या प्रख्यात छापखान्याची उर्दू पुस्तकेही कातिबाच्या हस्ताक्षरावरून शिळाछपाईने निघत. आज नस्तालिकचा फाँट असंख्य आकारांमुळे जड असतो. तो मराठी वाचणाऱ्याच्या माथी मारण्याचे काही कारण नाही. उर्दू निवडल्यावरच तो मागवावा आणि त्याबरोबर पानाची दिशाही उजवीकडून डावीकडे करावी.

इथवर सारे लाभाचेच दिसते. धोका आहे तो ‘गरज पडेल तेव्हा आणू’ या वाक्यात. अडचणीचे संदेश क्वचित लागतात, म्हणून ते शेवटी आणावयाच्या विभागात टाकण्याचा मोह आज्ञावलीकारास होतो. पण त्या संदेशांची गरज पडते तीच मुळी जोडणी तुटल्यावर! पैसे पाठविण्याचे बटण दाबले, जोडणी गेली आणि ‘व्यवहार पूर्ण झाला की नाही हे निश्चित नाही, पुन्हा पाठविण्यापूर्वी खात्यातील नोंद पाहा’ हे वाक्य आणण्यास वाटच उरली नाही. पडद्यावर मग नुसती खूण उमटते, किंवा राखीव म्हणून ठेवलेले इंग्रजी वाक्य. हिंदी वा उर्दूच वाचणारी वृद्ध खातेदार अशा वेळी काय करील? बहुधा बटण पुन्हा दाबील.

म्हणून माझ्या मते पैशासंबंधीची प्रत्येक सूचना, अडचणीचा प्रत्येक संदेश आणि पासवर्ड कोणास सांगू नये हा इशारा, हे सर्व निवडलेल्या भाषेत पहिल्याच खेपेस आले पाहिजे. त्यांची वाक्ये थोडी असतात, वजनही फारसे नसते. कर्जयोजनांची माहिती खुशाल मागाहून येवो. चाचणी घेणाऱ्यांनीही कार्यालयातील वेगवान जोडणीवर पान पाहून समाधान मानू नये. उर्दू निवडावी, रक्कम भरावी, बटण दाबताच जोडणी तोडावी आणि पडद्यावर कोणती भाषा उरते ते पाहावे.

ग्राहकांनी एवढे करावे: पान अर्धवट उमटले किंवा अनोळखी इंग्रजी खुणा दिसू लागल्या, तर बटण पुन्हा दाबू नये. जोडणी पूर्ववत झाल्यावर प्रथम खात्यातील शेवटची नोंद पाहावी.