छत्तीस लॅपटॉप, एकच इमेज आणि एकच ओळख

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी विचारलं की कंपनीत नवीन लॅपटॉप मिळतो तेव्हा त्यात सगळं आधीच टाकलेलं कसं असतं? ऑफिस, अँटिव्हायरस, प्रिंटर, भिंतीवरच्या फोटोसकट सगळं. कोणी बसून एकेक टाकतं का? नाही टाकत. याला इमेज टाकणं म्हणतात आणि आजचा भाग त्यावरच आहे. पण थिअरी सांगण्याआधी मी स्वतः कुठे आपटलो ते सांगतो, कारण थिअरी मला तिथेच कळली.

माझं गाव वाशिम जिल्ह्यात. नोकरी पुण्यात, काम कोड लिहायचं. पण गावाकडे ‘कम्प्युटरचं शिकलेला’ म्हणजे प्रिंटर दुरुस्त करण्यापासून सगळं येणारा माणूस. गेल्या वर्षी आमच्याकडच्या एका शेतकरी उत्पादक कंपनीने ३६ नवीन लॅपटॉप घेतले. कारण साधं होतं. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार होता आणि त्यांची जुनी मशीनं विंडोज ११ घ्यायला तयार नव्हती. लॅपटॉप जाणार होते वाशिम, मालेगाव, रिसोड, मंगरुळपीर, कारंजा आणि मानोरा या सहाही तालुक्यांतल्या केंद्रांवर. सोयाबीन यायच्या आत सगळं तयार पाहिजे, एवढीच अट.

हिशोब करून बघा. एका लॅपटॉपवर हाताने सगळं टाकायला, अपडेटसकट, अडीच तास धरले तर ३६ लॅपटॉपचे ९० तास होतात. तेही नेट चांगलं चाललं तर आणि लाईट गेली नाही तर. इमेज असेल तर एका मशीनला २५ मिनिटं. चार पेन ड्राइव्ह घेऊन चार-चार मशीनं लावली तर नऊ फेऱ्या, म्हणजे पावणेचार तास. एका दुपारचं काम.

इमेज म्हणजे काय, तर एका लॅपटॉपवर सगळं नीट बसवायचं आणि त्याच्या डिस्कचं जसंच्या तसं पॅकेट बांधायचं. ते पॅकेट बाकीच्या मशीनवर उघडायचं. विंडोजच्या जगात या पॅकेटला विम फाईल म्हणतात. ज्या मशीनवरून ते बनवतो ते रेफरन्स मशीन आणि अंतिम पॅकेट म्हणजे गोल्डन इमेज. (नाव भारी आहे, पण सोनं वगैरे काही नसतं.) हे फक्त विंडोजपुरतं नाही बरं का. केरळच्या सरकारी शाळांमध्ये काइट नावाची संस्था स्वतःची लिनक्स इमेज तयार करते आणि तीच राज्यभरातल्या शाळांच्या लॅपटॉपवर चालते.

आता मी काय केलं ते ऐका. ऑगस्टमध्ये चार दिवसांची सुट्टी टाकून गावी आलो. एका लॅपटॉपवर सगळं बसवलं: हिशोबाचं सॉफ्टवेअर, वजनकाट्याचा ड्रायव्हर, डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर, मराठी कीबोर्ड. मग क्लोनझिला नावाच्या फुकट टूलने पूर्ण डिस्कची कॉपी काढली आणि बाकीच्या ३५ मशीनवर ओतली. प्रत्येकाचं नाव बदललं, काम संपलं. मधली एक पायरी मी मुद्दाम सोडली. तिचं नाव सिस्प्रेप.

का सोडली? कारण मी वाचलं होतं की ती तितकी गरजेची नाही. प्रत्येक विंडोजला बसवताना एक लांबलचक नंबर मिळतो, त्याला मशीन एसआयडी म्हणतात. त्या मशीनवरच्या प्रत्येक युजरचा नंबर त्यातूनच बनतो. डिस्क जशीच्या तशी कॉपी केली की हा नंबरही कॉपी होतो. पूर्वी लोक तो बदलायला न्यूएसआयडी नावाचं छोटं टूल वापरायचे. ते बनवणारे मार्क रुसिनोविच मायक्रोसॉफ्टमध्ये गेले आणि २००९ मध्ये त्यांनीच लिहिलं की दोन मशीनचा एसआयडी सारखा असला म्हणून काही बिघडत नाही, ही भीती म्हणजे एक मिथक आहे. टूलही बंद केलं. क्लोन करायचं तर सिस्प्रेप चालवाच, ही मायक्रोसॉफ्टची अधिकृत भूमिका मात्र तशीच राहिली. मी लेखाचा पहिला भाग लक्षात ठेवला आणि शेवटचा सोयीस्कर विसरलो.

दसरा झाला. सोयाबीन यायला लागलं. एका सकाळी ऑफिसला जायच्या गडबडीत होतो आणि फोन आला.

‘सर, फोल्डर उघडूनच नाही राहिलं ना! पासवर्ड मागते, टाकलं की पुन्हा मागते.’

मुख्य केंद्रावरच्या एका लॅपटॉपवर शेअर केलेलं फोल्डर होतं. काट्याजवळचे लॅपटॉप त्यात वजन आणि ओलावा लिहायचे आणि आतल्या टेबलावर पावती निघायची. ते बंद म्हणजे पावती बंद. बाहेर ट्रॅक्टर उभे, ट्रॉलीत पोती, आणि लोक पहाटेपासून आलेले. पासवर्ड बरोबर होता. मी पुण्यातून रिमोटने बघितलं. नेटवर्क ठीक, पिंग जातंय, फायरवॉल ठीक. तासभर मी चुकीच्याच जागी शोधत होतो. मग त्या दादांनीच सांगितलं, ‘जुन्या डेस्कटॉपवरचं फोल्डर तर उघडते सर.’

जुनं मशीन चालतं, नवीन आपसात बोलत नाहीत. तिथे माझ्या पोटात गोळा आला. नवीन मशीन म्हणजे माझ्या एकाच कॉपीची भावंडं. दोन लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘हूअॅमआय’ ही कमांड ‘युजर’ लावून चालवली. ती तुमच्या युजरचा पूर्ण नंबर दाखवते आणि त्याचा शेवटचा तुकडा सोडला की उरतो तो मशीन एसआयडी. दोन्हीकडे आकडा न् आकडा सारखा. मग इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ६१६७ नंबरची एंट्री सापडली. मशीन आयडी अंशतः जुळत नाही, तिकिटात फेरफार झालाय किंवा ते दुसऱ्या बूटचं आहे, असा तिचा अर्थ.

झालं होतं असं. २९ ऑगस्ट २०२५ पासूनच्या अपडेटमध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज ११ च्या २४एच२ आणि २५एच२ मध्ये, तसंच सर्व्हर २०२५ मध्ये, एक जास्तीची तपासणी घातली. लॉगिन करताना समोरच्या मशीनचा एसआयडी आपल्यासारखाच निघाला तर ते नाकारायचं. कारण तसं दिसलं तर कोणी तरी ओळख चोरून आपल्याच मशीनचं सोंग घेतंय, अशी शक्यता असते. शेअर फोल्डर, रिमोट डेस्कटॉप, दोन्हीकडे पासवर्ड परत परत मागणार. ऑगस्टमध्ये मी इमेज टाकली तेव्हा सगळं चाललं, कारण ही तपासणी तेव्हा नव्हती. अपडेट एकेक करून पोचले आणि माझी जुनी उधारी ऐन हंगामात वसुलीला आली.

त्या दिवशीचा तात्पुरता उपाय जुन्या डेस्कटॉपनेच दिला. त्याचा एसआयडी वेगळा, म्हणून फोल्डर त्यावर हलवलं आणि दुपारपर्यंत पावत्या सुरू झाल्या. तोपर्यंत त्यांनी वहीत लिहिलं. मायक्रोसॉफ्टच्या सपोर्टकडून ही तपासणी काही काळ थांबवणारी एक पॉलिसीही मिळते, पण मला ते भोक बुजवून ठेवायचं नव्हतं. शनिवारी रात्रीची गाडी पकडली आणि नीट इमेज बनवायला बसलो. तर आता ती रीत.

आपल्याकडे गणपतीच्या मूर्ती कशा होतात आठवा. शंभर मूर्ती एकाच साच्यातून निघतात, पण डोळ्यांची आखणी साच्यात नसते. ती प्रत्येक मूर्तीवर वेगळी, शेवटी. सिस्प्रेप नेमकं हेच करतं. ‘जनरलाइज’ हा पर्याय दिला की ते मशीनची स्वतःची ओळख पुसतं: एसआयडी, कम्प्युटरचं नाव, त्या हार्डवेअरच्या नोंदी. पॅकेट त्यानंतर बांधायचं. मग प्रत्येक लॅपटॉप पहिल्यांदा चालू होताना स्वतःचा नवा नंबर स्वतः तयार करतो.

रेफरन्स मशीनवर विंडोज टाकलं की पहिल्या स्वागताच्या स्क्रीनवर, देश विचारतात तिथे, कंट्रोल, शिफ्ट आणि एफ३ एकदम दाबा. ऑडिट मोड उघडतो. यात युजर न बनवता सॉफ्टवेअर टाकता येतं. मी हे या वेळी व्हर्च्युअल मशीनमध्ये केलं, म्हणजे चुकलं तर मागच्या स्नॅपशॉटवर परत. सिस्प्रेप दोन गोष्टींवर हमखास अडतो. एक, डिस्क बिटलॉकरने एन्क्रिप्ट झालेली असेल तर. नवीन लॅपटॉपवर हे बरेचदा आपोआप चालू होतं, आधी बंद करा. दोन, स्टोअरमधलं एखादं अॅप एकाच युजरसाठी अपडेट झालेलं असेल तर. दोषी अॅपचं नाव सिस्प्रेपच्या फोल्डरमध्ये पँथर नावाच्या फोल्डरमधल्या लॉगमध्ये सापडतं. माझी पहिली रात्र त्यातच गेली. ऑडिट मोडमध्ये नेट बंद ठेवलं असतं तर गेली नसती.

मराठी कीबोर्डचं वेगळं सांगतो, कारण इंग्रजी व्हिडिओत हे कोणी सांगत नाही. कीबोर्ड ही त्या त्या युजरची सेटिंग आहे. तुम्ही ऑडिट मोडमध्ये इनस्क्रिप्ट लावलं तरी नवीन युजरला ते मिळेलच असं नाही. त्यासाठी अनअटेंड नावाची फाईल असते, म्हणजे सेटअपने विचारलेल्या प्रश्नांची आधीच लिहिलेली उत्तरं. त्यात इनपुट लोकेलला मराठी लिहायचं आणि कॉपीप्रोफाइल चालू करायचं, म्हणजे तुमची बाकीची मांडणी प्रत्येक नव्या युजरकडे जाते. केंद्रावरच्या मंडळींना शेतकऱ्याचं नाव मराठीतच लिहायचं असतं, आणि सातबाऱ्यावर जसं आहे तसंच.

मग पेन ड्राइव्हवरून विंडोज पीई नावाचं छोटं विंडोज चालू करायचं आणि डिझम या कमांडने विम फाईल बांधायची. माझी ११ जीबी झाली. इथे एक खड्डा आहे. पेन ड्राइव्ह एफएटी३२ असेल तर त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी फाईल बसत नाही. डिझमनेच तिचे तीन तुकडे केले आणि काम झालं. दुसरा खड्डा म्हणजे काही इंटेल लॅपटॉपवर डिस्कच दिसत नाही. डिस्क खराब नसते, व्हीएमडीचा ड्रायव्हर पीईमध्ये टाकावा लागतो. पुढे डिस्कचे भाग पाडा, इमेज उघडा, बूटची फाईल लिहा. तिन्ही कमांड एका बॅच फाईलमध्ये घातल्या की फक्त एंटर दाबायचं.

अँटिव्हायरस आणि रिमोट सपोर्टचं सॉफ्टवेअर इमेजमध्ये घालू नका, किंवा घातलं तर त्यांचा आयडी पुसून घाला. नाहीतर एका ठिकाणी जोडायला जाल आणि दुसऱ्याच तालुक्यातला स्क्रीन उघडेल. लिनक्सवालेहो, हसू नका. तुमच्याकडे मशीन-आयडीची फाईल आणि एसएसएचच्या होस्ट की याच पंगतीत बसतात. कॉपी करण्याआधी त्या रिकाम्या करा.

आणि परवाना. लॅपटॉपबरोबर आलेल्या विंडोजची अशी इमेज बनवून सगळीकडे टाकायचा हक्क आपोआप मिळत नाही. संस्थेकडे त्या एडिशनचं निदान एक व्हॉल्यूम लायसन्स लागतं आणि इमेजही त्याच मीडियावरून बनवायची. ऑगस्टमध्ये मी हेही पाहिलं नव्हतं. त्यांना नंतर एक घ्यायला लावलं.

रविवारी आणि सोमवारी मिळून ३६ मशीनं परत केली. वाशिमची मुख्य केंद्रावर, बाकीची एका दादांच्या गाडीतून तालुक्यातालुक्याला फिरून. प्रत्येक मशीनवर ती ‘हूअॅमआय’ चालवून नंबर वहीत लिहिला. मानोऱ्याच्या केंद्रावरच्या ताईंनी विचारलं, ‘हा नंबर काऊन लिहून राहिले?’ मी म्हटलं, मशीनचं आधार कार्ड समजा. त्या म्हणाल्या, ‘मग आधी सगळ्यांचं एकच होतं काय?’

हो, एकच होतं. पुढच्या भागात हेच काम पेन ड्राइव्हशिवाय, नेटवर्कवरून कसं करायचं ते बघू. तुमच्या ऑफिसात दोन क्लोन केलेली मशीनं असतील तर तोवर ती कमांड चालवून बघा आणि काय निघालं ते मला कळवा.